नाहीतर

कंपायलर कोसळतो तेव्हा गुपचूप कोसळत नाही. एक वाक्य लिहून ठेवतो: माझ्या आत काहीतरी बिघडलं आहे, कृपया सविस्तर तक्रार नोंदवा. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की एरवी नजर त्यावरून घसरून जाते. त्या मंगळवारी सकाळी मात्र मी पर्स खुर्चीला अडकवत होते, स्क्रीनवर लाल खूण दिसली, उभ्याउभ्याच शेवटची ओळ वाचली आणि बसायचं राहून गेलं. जाता जाता माझ्याविरुद्ध तक्रार करा असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या घरात तर नाहीच. आमच्याकडे चूक नेहमी समोरच्याची असते आणि ती शोधून काढण्यात सगळ्यांचा हातखंडा. मीही त्यातलीच, म्हणून तर या कामात टिकले.

काम सांगायला सोपं आहे. कुठले कुठले लोक हौसेने प्रोग्राम लिहितात आणि सगळ्यांसाठी खुले करून टाकतात. आम्ही ते गोळा करतो, त्यांची नीट पॅकेजं करतो आणि ज्याला हवं त्याच्या कॉम्प्युटरवर पोचेल असं बघतो. माणसाने लिहिलेला मजकूर मशीनला कळेल अशा रूपात उतरवावा लागतो. तो उतरवणारा कंपायलर. हे सगळं कोणी हाताने करत बसत नाही. खालच्या मजल्यावर एका थंडगार खोलीत बिल्ड सर्व्हर आहेत. कोणी कुठे एक ओळ बदलली की ते आपले आपण कामाला लागतात, नव्या जातीच्या मशीनसाठी वेगळं, जुन्या जातीच्या मशीनसाठी वेगळं, असे एकाच प्रोग्रामचे अवतार तयार करतात आणि काय काय केलं त्याचा लॉग लिहीत जातात. जमलं तर हिरवी खूण, नाही जमलं तर लाल. लॉगच्या डोक्यावर ते पॅकेज सांभाळणाऱ्याचं नाव असतं. माझं मी हौसेने आपल्या लिपीत ठेवलं आहे. ही पानं सगळ्या जगाला उघडी असतात आणि जगातलं कोणी ती वाचत नाही. वाचण्यासारखं असतं काय त्यात? ही फाईल घेतली, ती फाईल घेतली. रडगाणंसुद्धा नाही, नुसती हजेरी.

लाल खूण पडली होती ती एका बोलक्या प्रोग्रामवर. स्क्रीनवरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. ज्यांना दिसत नाही ते त्याच्या तोंडून वाचतात. बाकी सगळीकडे हिरवंगार होतं, फक्त जुन्या जातीच्या मशीनसाठीचा बिल्ड फेल झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सगळ्या पॅकेजांच्या नव्या आवृत्तीची दारं बंद व्हायची होती. तोवर जमलं नाही, तर जुन्या मशीनच्या वाट्याचं हे पॅकेज गळणार. मग ती मशीनं पुढच्या वेळी आपली आपण नवी आवृत्ती उतरवून घेणार आणि मुकी होणार. जुनं मशीन आता वापरतं तरी कोण, असं खालचा मशीनवाला नेहमी म्हणतो. सर्व्हरची ती खोली त्याच्या ताब्यात असते. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, पण माझी आत्या वापरते.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीची ऑपरेटर होती. आईबाबा दोघंही कामावर, त्यामुळे शाळा सुटल्यावरचं माझं सगळं आयुष्य आत्याच्या स्वयंपाकघरात गेलं, ओट्याशेजारच्या स्टुलावर. तिचं बोलणं 'नाहीतर'वर चालायचं. दूध पी, नाहीतर मांजर पिईल. मांजराने नाही प्यायलं तर मी पिईन, नाहीतर नासेल, नाहीतर तुझ्या बापाला कॉफी करून देईन आणि तो रात्रभर जागेल. शेजारची मुलगी पहिली आली की म्हणायची, ती बघ कशी, नाहीतर आमच्या बाईसाहेब. मला या शब्दाची भीती कधी वाटली नाही. तो आला की पुढे काहीतरी गमतीचं येणार हे ठरलेलं असायचं, आणि मी दुधाचा पेला हातात धरून पुढच्या 'नाहीतर'ची वाट बघायची. तिची नजर पुढे कडेकडून जात गेली. आधी दाराची चौकट गेली, मग जिना, मग माणसांचे खांदे, आणि शेवटी समोरच्याचा चेहरा तेवढा उरला, तोही गेला. तेव्हा मी तिला हा बोलका प्रोग्राम बसवून दिला. सपाट, नाकातून बोलणारा, चढउतार नसलेला आवाज. तिने त्याला नाव ठेवलं मास्तर. न दमता, न चिडता बोलतो म्हणाली, असा मास्तर शाळेत मिळाला असता तर कुठल्या कुठे गेले असते.

मग तिने त्याचा वेग वाढवायला सुरुवात केली. दर भेटीला थोडा थोडा. एक दिवस मी गेले तर घरात शिवणयंत्र जोरात चालल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं मशीन बिघडलं. आत्या खुर्चीत मान किंचित कलती करून बसली होती, आणि त्या एकसारख्या घरघरीत मधेच ती हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, अगं, विनोद होता. मी त्या घरघरीत कान खुपसून बसले, एक शब्द हाती लागेना. आणि ही, माझे केस विंचरून देणारी, भाजीवाल्याशी वाद घालणारी आत्या, तिथे आरामात हिंडत होती, मधे थांबत होती, हसत होती. माणसाच्या कानात एवढी जागा असते हे मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी मी तिच्यासाठी नवं मशीन घेऊन गेले. त्यात बाईचा आवाज होता, गोड, वाक्याआधी श्वास घेणारा, ऐकून कोणीही माणूसच म्हणावं असा. आत्याने ऐकला, वेग वाढवला, आणखी वाढवला, तसा त्या बाईच्या बोलण्याचा लगदा व्हायला लागला. "ही ओढत बोलते," आत्या म्हणाली. मी वैतागले. एवढं जड मशीन जिने चढून आणलं होतं. "पण तुला एवढी घाई कसली आहे? दिवसभर घरीच तर असतेस." आत्याने चेहरा खिडकीकडे केला. खिडकीत तिला काही दिसत नाही, पण रागावली की अजून तिकडेच वळते. "माझं मला माहीत," ती म्हणाली. "ने ती तुझी बाई परत. मला कोणी नको." त्यानंतर आमचे फोन आखूड झाले. बरी आहेस ना, बरी आहे, तू? मीही बरी. दोघी बऱ्या होतो, त्यापलीकडे काही नव्हतं.

तर मंगळवार. त्याच आठवड्यात कंपायलरची नवी आवृत्ती आली होती, म्हणून माझा संशय सरळ त्याच्यावर. अशा वेळी आमच्यात एक रीत आहे. ज्या फाईलपाशी कंपायलर पडतो ती घ्यायची आणि अर्धी उडवायची. उरलेल्यावर पडतो का? पडतो. मग त्यातलं अर्धं उडवायचं. नाही पडत, तर ते परत ठेवून दुसरं उडवायचं. हे हाताने नाही करत, एक छोटासा प्रोग्राम करतो, त्याला आम्ही चाळणी म्हणतो. चाळणी दर खेपेला एकच प्रश्न विचारते, मेला का, आणि हो म्हटलं की आणखी काढते. महिनोन्‌महिने खपून लिहिलेली पानंच्या पानं निघून जातात आणि कंपायलर तरीही पडत राहतो. शेवटी दोन-तीन ओळी उरतात, ज्यातलं काहीही काढलं तर दुखणं थांबतं. ते दुखण्याचं बी. एवढ्या डोंगरातून एवढंसं बी निघतं आणि त्याच्यापुढे एवढा मोठा कंपायलर कोलमडतो, हे मी कितीदा पाहिलं आहे, तरी दर वेळी नवं वाटतं.

बुधवारी दुपारभर चाळणी जुन्या सर्व्हरवर चालू होती, दर खेपेला आपला एक लॉग मागे ठेवत. मी जेवायला उठले नाही, उठले असते तर ती थांबली असती असं उगीच वाटत होतं. खुर्चीत बसून मी माझं स्वतःचंच चाळत होते, सवयच ती. आत्याचं आणि माझं काय बिघडलं? मशीन काढून टाकलं, तरी दुखतंच. जिने काढले, बाईचा आवाज काढला, आखूड फोन काढले. उरलं एकच वाक्य, मला कोणी नको. ते काढलं की काही दुखत नव्हतं. म्हणजे हेच बी. तिला मी नको होते. ज्या बाईने मला स्टुलावर बसवून वाढवलं तिला आता नाकात बोलणारा एक मास्तर पुरतो. मला वाईट वाटलं, आणि इतकं स्वच्छ कारण हाती आल्याचं एक घाणेरडं समाधानही वाटलं.

संध्याकाळी चाळणीने तीन ओळी दिल्या. त्या मी कंपायलर लिहिणाऱ्यांपैकी एका गृहस्थांना पाठवल्या. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो; मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. गुरुवारी सकाळी उत्तर आलं. "तीन ओळी सुरेख आहेत. हा बिघाड आम्ही आधीच दुरुस्त केला आहे, सोबत जोडतो. पण मला शंका आहे की तुमचा बिघाड हा नव्हेच. चाळणीने फक्त मेला का एवढंच विचारलं. कशाने मेला, ते विचारायला हवं होतं. चाळता चाळता तुम्ही भलत्याच दुखण्यापाशी पोचलात." मी त्यांची दुरुस्ती लावली, मूळ फाईल पुन्हा चालवली आणि कंपायलर पुन्हा पडला, त्याच नम्र वाक्यासकट. ही चूक नवशिके करतात. आणि त्याच क्षणी, खुर्चीत, मला कालचं दुसरं चाळणंही आठवलं. तिथेही मी फक्त दुखतं का एवढंच विचारत गेले होते.

आता कंपायलर बाजूला ठेवून मी पॅकेजमध्ये शेवटचं काय बदललं ते काढलं. बदल एकच होता, एका नियमाचा. या प्रोग्रामच्या पोटात उच्चाराचे हजारो नियम आहेत. अमुक अक्षर अमुक ठिकाणी आलं तर असा उच्चार कर, नाहीतर पुढचा नियम बघ. नवा नियम होता शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या 'ज्ञ'चा, आणि शेजारी कारण लिहिलं होतं: हा आवाज ज आणि ञ सुटे सुटे वाचतो, कृपया सुधारावे, एक श्रोता. या अक्षराशी माझं जुनं नातं आहे. शाळेत हजेरी घेणाऱ्या प्रत्येक बाईंनी माझ्या तोंडावर त्याची वेगळी वाट लावली होती. मला त्या श्रोत्याबद्दल सहानुभूती वाटली आणि मी त्याचा नियम उडवला. बिल्ड हिरवा.

मशीनवाला मागे येऊन उभा होता. "सापडलं ना? मग सोडून दे तसंच."

"एका नियमाने कंपायलर का पडेल?"

"पडला ना? झालं. एका अक्षरासाठी काय अडून बसतेस? पुढच्या आवृत्तीत घाल."

त्याचं खरं होतं. उद्या दारं बंद होणार होती, आत्याचं मशीन मुकं होण्यापेक्षा एक अक्षर अडखळलेलं परवडलं. मी पाठवायच्या बटणापर्यंत गेले. पण आजोबांचं ते 'कशाने मेला' डोक्यातून जाईना. म्हणून, केवळ खोड म्हणून, मी 'ज्ञ' परत ठेवला आणि भलताच एक नियम उडवला, अगदी सुरुवातीचा, कोणी कधी लिहिला तेही आता ठाऊक नसलेला. बिल्ड हिरवा. तो परत ठेवून मधला एक उडवला. हिरवा. डोळे मिटून कुठलाही उडवला तरी हिरवा, आणि सगळे असले की लाल. चुकीचं कोणीच नव्हतं. एकेक नियम घेऊन दिव्याखाली धरला तरी त्यात खोट निघाली नसती.

मग मला दिसलं. इतकी वर्षं कोणी ना कोणी येत होतं, आपल्याला खटकलेला एक उच्चार आणत होतं, आणि आधीच्यांच्या लिहिण्याला हात लावायला नको म्हणून आपला नियम सगळ्यांच्या खाली, शेवटच्या 'नाहीतर'च्या पोटात ठेवून जात होतं. त्याच्या पोटात पुढच्याचा. कंपायलरला या नियमांतून जायचं तर पायरी पायरीने खाली उतरावं लागत होतं, आणि परत वर यायचं म्हणून प्रत्येक पायरी लक्षात ठेवावी लागत होती. एकही विसरून चालायचं नाही. नव्या सर्व्हरवर त्या आठवणीला जागा ऐसपैस होती. जुन्यावर मोजकी. इतके दिवस तो रोज अगदी तळाला टेकेपर्यंत उतरत होता, सगळं लक्षात ठेवून परत येत होता आणि एक हिरवी खूण ठेवून गप्प बसत होता. आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती. यंदा 'ज्ञ'ची एक पायरी जास्त झाली आणि त्याने पाय टाकला तिथे काही नव्हतं. आतापर्यंत मी न पडलेल्या कंपायलरकडे कधी पाहिलंच नव्हतं. अनोळखी माणसांच्या एवढ्या बारीक बारीक आग्रहांचं ओझं घेऊन कोणीतरी रोज खाली जाऊन वर येत होतं, या विचाराने मला खोलीतला एसीचा आवाजही मोठा वाटायला लागला.

"सापडलं का?" मशीनवाल्याने लांबून विचारलं.

"चूक कोणाचीच नाही," मी म्हटलं.

"मग तर अवघड आहे," तो म्हणाला आणि चहाला गेला.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. मी सगळे 'नाहीतर' काढून टाकले. प्रत्येक नियम दुसऱ्याच्या पोटातून बाहेर काढून शेजारी शेजारी उभा केला: तुझं अक्षर आलं तर उच्चार सांग आणि इथूनच परत फिर. क्रम तोच, माणसं तीच, फक्त उतरणं गेलं. 'ज्ञ' शेवटी होता, तिथेच राहिला. शुक्रवारी दुपारी जुन्या सर्व्हरवर हिरवी खूण उमटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात तशी पद्धत नाही.

शनिवारी सकाळी मी आत्याकडे गेले. नवी आवृत्ती तिच्या मशीनवर नीट बसली का ते डोळ्यांनी बघायचं होतं. निदान स्वतःला तरी मी तसंच सांगितलं. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. ती पावलं ओळखते.

"झालं ना एकदाचं हिरवं?" ती म्हणाली.

मी चप्पल काढता काढता थांबले. "काय हिरवं?"

"सोंग नको करू. मंगळवारपासून लाल होतं. आत ये, उंबऱ्यात किती वेळ उभी राहणार आहेस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मास्तरने. आणखी कोण येतंय इथे?"

ती सरळ चालत जाऊन खुर्चीत बसली, एकही वस्तू न चाचपता, आणि बटणं दाबली. शिवणयंत्र सुरू झालं. मी शेजारी वाकून स्क्रीनवर पाहिलं. आमचं पान होतं. माझ्या पॅकेजांचे लॉग, एकाखाली एक, ही फाईल घेतली, ती फाईल घेतली, ज्या ओळी मीसुद्धा कधी पुऱ्या वाचल्या नाहीत.

"हे तू ऐकतेस?"

"रोज. सकाळचा चहा झाला की. तुझी सगळी पॅकेजं."

"अगं, पण त्यात कळण्यासारखं काय आहे?"

"मला कुठे त्या फाईली कळतात? पण तू कशावर अडलीस ते कळतं. एकच गोष्ट कितीदा करून बघतेस ते कळतं. फोनवर विचारलं की तू बरी असतेस. बुधवारी जेवायला उठली नव्हतीस."

"ते कसं कळलं?"

"दुपारभर दर थोड्या वेळाने चालूच होतं तुझं. मधे श्वास नाही." तिने वेग आणखी एक पायरी वाढवला, घरघर बारीक झाली. "तू विचारलं होतंस ना, घरी बसून घाई कसली? एवढं सगळं हळूहळू ऐकत बसले तर मला दिवस पुरेल का? ती तुझी बाई पहिल्या फाईललाच श्वास घेत बसली असती."

मी ओट्याशेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. तो अजून तिथेच होता. मी तो ओढून तिच्याजवळ घेतला आणि बसले. जगाला उघडी असलेली ती पानं कोणी वाचत नाही, असं मी किती खात्रीने सांगत होते. एवढ्या दूर, या खुर्चीत, मान कलती करून, माझा प्रत्येक लाल आणि प्रत्येक हिरवा कोणीतरी रोज ऐकत होतं, आणि फोनवर फक्त बरी आहेस ना एवढंच विचारत होतं.

"आत्या," मी म्हटलं, "तो 'ज्ञ'चा नियम."

"तो मीच मागितला होता. पाठवायला दोन दिवस लागले मला लिहून. मास्तर तसा गुणी आहे, पण तुझ्या नावाचं पार वाटोळं करायचा. रोज सकाळी तेच. म्हटलं, आपल्या घरची मुलगी, तिचं नाव निदान आपल्या घरात तरी नीट घेतलं जावं. का? काही चुकलं का त्यात?"

"नाही," मी म्हटलं. "त्यात काही चुकलं नव्हतं."

"मग गप्प बस आणि ऐक."

घरघर चालू राहिली. मी ऐकत होते आणि मला काही कळत नव्हतं. एक लॉग संपला असावा, कारण तिचं बोट आपोआप सरकलं, घरघर उतरत उतरत आली, तिचे शब्द झाले, शब्दांमधे जागा झाली, आणि त्या सपाट, नाकातल्या आवाजाने अगदी सावकाश माझं नाव घेतलं. नीट घेतलं. शाळेतल्या एकाही बाईंनी घेतलं नव्हतं इतकं नीट. मग तिचं बोट पुन्हा सरकलं आणि शिवणयंत्र सुरू झालं.

"तुझं नाव आलं की मी त्याला हळू करते," आत्या म्हणाली. "नाहीतर निसटून जातेस."